एक भाग किती?

  आज जवळ एक वही आणि पेन्सिल घेऊन बसा. नसेल तर मूठभर शेंगदाणे घ्या, त्यावरही भागेल. आज आपल्याला हिशोब करायचा आहे.

हिशोब म्हटला की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, “मला बाई गणित येत नाही.” शाळेतली ती शाब्दिक उदाहरणं आठवतात आणि अजूनही पोटात गोळा येतो. पण हीच बाई शिरा करताना एक वाटी रव्याला दोन वाट्या पाणी घेते, आणि रवा पाऊणच वाटी निघाला तर न विचारता पाणी दीड वाटी ओतते. हे गुणोत्तराचंच गणित आहे. तिनं ते वहीत केलं नाही, पातेल्यात केलं, एवढाच फरक.

आपल्या भाषेत तर अपूर्णांक जन्मापासून आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे या अपूर्णांकांचेही पाढे पाठ करून घेत. तेव्हा रुपयाचे सोळा आणे असत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आणे म्हणजे पाव रुपया, बारा आणे म्हणजे पाऊण. आणे बाजारातून गेले, पण अजूनही आपण एखादी गोष्ट “सोळा आणे खरी” म्हणतो, म्हणजे पूर्ण खरी.

मग अडतं कुठे? ताटात, पातेल्यात, बाजारात आपला हिशोब चुकत नाही. कागद समोर आला की आपण तो दुसऱ्याच्या हातात देतो. कर्जाचा कागद, गटाच्या नफ्याचा कागद, जमिनीचा कागद. म्हणून आज आपण स्वयंपाकघरातून सुरुवात करून त्या कागदांपर्यंत जाऊ. सोबत तीनच प्रश्न घ्यायचे. पहिला, कशाचा भाग? दुसरा, एकूण भाग किती? तिसरा, एक भाग किती? वहीत वरच लिहून ठेवा.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. नुसता “पाव” म्हटलं तर काहीच कळत नाही. पाव किलो साखर आणि पाव एकर जमीन, दोन्ही पावच. तसंच नुसतं “दहा टक्के” म्हटलं तर विचारायचं, कशाचे दहा टक्के? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता चकलीची भाजणी घेऊ. समजा आपल्या गटाचं प्रमाण आहे तांदूळ ४, हरभरा डाळ २ आणि उडीद डाळ १. दिवाळीला १४ किलो भाजणीसाठी धान्य घ्यायचं आहे. कोणतं किती आणायचं?

एकूण भाग किती? चार, दोन आणि एक मिळून सात. एक भाग किती? १४ किलोचे सात भाग केले की एक भाग दोन किलोचा. तर तांदूळ चार भाग म्हणजे ८ किलो, हरभरा डाळ दोन भाग म्हणजे ४ किलो, उडीद डाळ एक भाग म्हणजे २ किलो. बेरीज करून बघा, १४ येते. उद्या मागणी २१ किलोची झाली तर एक भाग तीन किलोचा होईल. मग १२, ६ आणि ३. शाळेत हिलाच एकमान पद्धत म्हणत. आधी एकाची किंमत काढायची, मग हव्या तेवढ्यांची.

इथे एक बारकावा आहे. तांदूळ हरभरा डाळीच्या दुप्पट आहे, म्हणून भाजणीत निम्मा तांदूळ असेल असं पटकन वाटतं. पण तांदूळ सात भागांपैकी चार भाग आहे, निम्म्याहून थोडा जास्त. दोन वस्तूंची आपापसात तुलना केली की ते गुणोत्तर. एका वस्तूची पूर्ण ढिगाशी तुलना केली की तो अपूर्णांक. “डाळीच्या किती पट” आणि “एकूणपैकी किती” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उत्तर एकाचं, प्रश्न दुसऱ्याचा, असं होऊ देऊ नका.

आणखी एक. आईनं सांगितलेलं प्रमाण वाटीचं असेल आणि तुम्ही ते किलोनं धरलं तर भाजणी बिघडेल, कारण एक वाटी तांदूळ आणि एक वाटी डाळ यांचं वजन सारखं भरतंच असं नाही. ज्या मापानं सुरुवात केली त्याच मापानं शेवट करायचा. मोठी मागणी आली की प्रत्येक धान्याची एक वाटी एकदाच वजन करून भिंतीवर लिहून ठेवा.

भाजणी चुकली तर चकली बिघडेल. पण काही ठिकाणी प्रमाण चुकणं जिवावर बेतू शकतं. लेकराला जुलाब लागले की आपण घरी जलसंजीवनी करतो. तिचं प्रमाण असं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वर ढीग नको, बोटानं सारखा केलेला चमचा. अर्धाच लिटर करायचं असेल तर तिन्ही गोष्टी निम्म्या: अर्धा लिटर पाणी, तीन चमचे साखर, पाव चमचा मीठ. पाणी निम्मं केलं आणि मीठ तेवढंच राहिलं, तर ते पाणी दुप्पट खारट होतं आणि बाळाला अपाय करतं.

एका पेल्यापुरतं करू का, असं कुणी विचारेल. पेला २०० मिलिलिटरचा, म्हणजे लिटरचा पाचवा भाग. मग मीठही अर्ध्या चमच्याचा पाचवा भाग, म्हणजे चमच्याचा दहावा भाग. एवढं बारीक माप चमच्यानं नेमकं घेता येत नाही. म्हणून पूर्ण लिटर करा, झाकून ठेवा, थोडं थोडं पाजा, चोवीस तासांत उरेल ते ओतून द्या. तयार पाकीट आणलं असेल तर त्यावर किती पाण्यात घालायचं ते लिहिलेलं असतं. कुठलं पाकीट एक लिटरचं असतं, कुठलं २०० मिलिलिटरचं. वाचून तेवढंच पाणी घ्या, पाकीट अर्धं करू नका. आणि मूल मलूल पडलं, पाणी पिईना, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

आता गटाच्या पैशांकडे येऊ. तीन जणींनी मिळून पापड-कुरडयांचा धंदा केला. त्यांना आपण काकू, वहिनी आणि ताई म्हणू. काकूंनी ६,००० रुपये घातले, वहिनीनं ४,०००, ताईनं २,०००. हंगाम संपला, खर्च वजा जाता ७,२०० रुपये नफा उरला. वाटायचा कसा?

भांडवलावर वाटू. ६,०००, ४,००० आणि २,००० यांचं गुणोत्तर तीन, दोन, एक. एकूण भाग सहा. एक भाग १,२०० रुपयांचा. काकूंना ३,६००, वहिनीला २,४००, ताईला १,२००. हिशोब बरोबर आहे. पण वाटणी बरोबर आहे का?

ताईजवळ पैसा कमी होता, पण ती वीस दिवस राबली. वहिनी पंधरा दिवस आली. काकूंचे गुडघे दुखतात, त्या दहाच दिवस आल्या. नुसत्या भांडवलावर वाटलं तर सगळ्यात जास्त राबणारीला सगळ्यात कमी मिळालं. यातूनच गटात कुरबुर सुरू होते, आणि कुरबुरीतून गट मोडतात.

म्हणून दुसरा मार्ग बघू. नफ्याचा अर्धा भाग भांडवलावर, अर्धा श्रमावर. ७,२०० चे निम्मे ३,६००. भांडवलाच्या ३,६०० मध्ये सहा भाग, एक भाग ६०० चा. काकूंना १,८००, वहिनीला १,२००, ताईला ६००. आता श्रमाचे ३,६००. दिवस दहा, पंधरा, वीस. पाचानं भागलं की दोन, तीन, चार. एकूण भाग नऊ, एक भाग ४०० चा. काकूंना ८००, वहिनीला १,२००, ताईला १,६००. दोन्हींची बेरीज करा. काकूंना २,६००, वहिनीला २,४००, ताईला २,२००. पुन्हा एकूण ७,२००.

बघा, ताईचे १,२०० चे २,२०० झाले. वहिनीचे होते तेवढेच राहिले. काकूंचे १,००० कमी झाले, तरी सगळ्यात जास्त त्यांनाच मिळाले. अर्धं-अर्धंच करायचं असा नियम नाही. पाऊण भाग श्रमावर आणि पाव भांडवलावर ठेवा, तुमच्या गटाला पटेल ते ठेवा. पण ते धंदा सुरू होण्याआधी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. नफा समोर आल्यावर ठरवायला बसलं की गणित मागे पडतं आणि आवाज चढतात.

आता कर्ज. इथे कान देऊन ऐका. गावात म्हणतात, “शेकडा दोनानं दिले.” म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला दोन रुपये. बँक म्हणते बारा टक्के. ऐकायला दोन लहान आणि बारा मोठे. पण दोन महिन्याचे आहेत आणि बारा वर्षाचे. दोनाला बारा महिन्यांनी गुणा, वर्षाला २४ होतात. म्हणजे शेकडा दोन हा बारा टक्क्यांच्या दुप्पट दर झाला. दोन दर ताडून बघायचे तर आधी दोन्ही वर्षाचे करा किंवा दोन्ही महिन्याचे.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. एक जण म्हणतो, “१२,००० रुपये घ्या, वर्षाला बारा टक्के, फ्लॅट व्याज.” १२,००० चे बारा टक्के १,४४०. एकूण १३,४४०, बारा हप्ते, महिन्याला १,१२०. दुसरा म्हणतो, “माझेही बारा टक्केच, पण घटत्या शिलकीवर.” दर एकच दिसतो. व्याज एकच आहे का?

आता आपला पहिला प्रश्न विचारा: कशाचे बारा टक्के? वर्षाला बारा म्हणजे महिन्याला एक टक्का. समजा दर महिन्याला आपण मुद्दलातले १,००० फेडतो. पहिल्या महिन्यात आपल्याकडे १२,००० आहेत, त्यांचं व्याज १२०. दुसऱ्या महिन्यात ११,००० उरले, व्याज ११०. मग १००, मग ९०. शेवटच्या महिन्यात हजारच उरले, व्याज १०. या बारा आकड्यांची बेरीज करायला पहिला आणि शेवटचा जोडा: १२० आणि १०, झाले १३०. दुसरा आणि शेवटून दुसरा: ११० आणि २०, पुन्हा १३०. अशा सहा जोड्या. एकूण ७८० रुपये.

एकीकडे १,४४०, दुसरीकडे ७८०. फरक ६६० रुपयांचा. फ्लॅट व्याजात आपण फेडून टाकलेल्या पैशांवरही वर्षभर व्याज लागत राहतं. वर्षभरात आपल्या हाती सरासरी ६,५०० रुपयेच असतात, आणि व्याज मात्र पूर्ण १२,००० चं. म्हणून फ्लॅट बारा टक्के म्हणजे खरे एकवीस-बावीस टक्के पडतात. कागदावर आकडा खोटा नसतो. तो कशाचा आकडा आहे, ते आपण विचारलेलं नसतं.

हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म वित्त कर्जांचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले आहेत. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्याला तारण न घेता दिलेल्या कर्जाला ते लागू होतात. त्याप्रमाणे कर्ज देणाऱ्यानं व्याज आणि शुल्क धरून वर्षाचा दर सांगणारं माहितीपत्रक द्यायचं असतं, आणि कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, असंही त्यात आहे.

हा निम्मा घरी मोजून बघा. समजा घरात महिन्याला १८,००० येतात. निम्मे ९,०००. आधीचे तीन हप्ते २,८००, ३,१०० आणि १,९००, बेरीज ७,८००. आता कुणी १,५०० रुपये हप्त्याचं नवं कर्ज देऊ केलं. “पंधराशेच तर आहेत,” असं वाटतं. पण ७,८०० मध्ये १,५०० मिळवले की ९,३०० होतात. मर्यादा ओलांडली. पंधराशे हा एकटा आकडा नाही, तो एकूणातला भाग आहे. त्या एकूणातच किराणा, दवाखाना आणि मुलांची फीसुद्धा बसवायची असते.

शेवटचा कागद जमिनीचा. समजा वडील वारले, मृत्युपत्र नाही, जमीन त्यांच्या स्वतःच्या कमाईची. मागे त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली. वडिलांची आई हयात नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. वारस किती? पाच. प्रत्येकाचा एक पंचमांश. जमीन अडीच एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकूण शंभर गुंठे. एक भाग वीस गुंठे. आईचे वीस, प्रत्येक भावाचे वीस, प्रत्येक बहिणीचे वीस. बहीण लग्न होऊन गेली म्हणून तिचा भाग लहान होत नाही.

आता कागद येतो हक्कसोडपत्राचा. दोन्ही बहिणींनी भावांच्या नावे सही केली तर काय होतं? बहिणींचे चाळीस गुंठे दोन भावांत गेले. प्रत्येक भाऊ विसाचा चाळीस झाला, आई वीसवर राहिली, बहिणी शून्यावर आल्या. सही करायला मिनिट लागलं आणि एक पंचमांशाचं शून्य झालं. कुणाला भावासाठी प्रेमानं सोडायचं असेल, तर तो तिचा निर्णय आहे. पण “तुझं काय जातंय, नुसती सही तर आहे” असं म्हटलं जातं, तेव्हा काय जातंय ते आपल्याला गुंठ्यात माहीत हवं.

वडिलोपार्जित जमिनीत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. अशा जमिनीत आधीच्या वाटण्या, आधीचे व्यवहार बघावे लागतात, आणि इतर काही धर्मांत वारशाचे नियम वेगळे आहेत. म्हणून सहीआधी वकिलाला विचारा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. उत्पन्न कितीही असो, स्त्रियांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

तर मैत्रिणींनो, कशाचा भाग, एकूण भाग किती, एक भाग किती. भाजणीपासून सात-बारापर्यंत हे तीनच प्रश्न आपण विचारले. पुढच्या वेळी कुणी कागद पुढे केला तर पेनाआधी वही काढा. “थांबा भाऊ, जरा हिशोब करून बघते” एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

जाता जाता एक उदाहरण घरी सोडवायला. काकू, वहिनी आणि ताई भाजी घेऊन एकाच टेम्पोनं निघाल्या. काकूंचे १२ क्रेट, वहिनीचे ८, ताईचे ४. बाजार वीस किलोमीटरवर. ताईनं आपले क्रेट दहा किलोमीटरवरच उतरवून घेतले. भाडं ८८० रुपये. कुणी किती द्यायचं? नुसते क्रेट मोजले तर ताईवर अन्याय होईल, नुसते किलोमीटर मोजले तर वहिनीवर. क्रेटना किलोमीटरनं गुणा आणि मग भाग काढा. उत्तर आत्ताच सांगून ठेवतो: काकू ४८०, वहिनी ३२० आणि ताई ८०. ते कसं आलं, ते शेजारणीला घेऊन तुम्ही शोधा. मुलांनाही बसवा, त्यांचाही अभ्यास होईल.